सुई बसत नाही, म्हणून कार्ब्युरेटर फेकायचा?

“कार्ब्युरेटर वाहतोय? वेळ घालवू नका. काढा, नवा बसवा, कामाला लागा.” जुना ट्रॅक्टर सांभाळणाऱ्याला अमेरिकेत आज हा सल्ला चहूकडून मिळतो. सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, शेजारच्या शेतावर मिळतो. परवा एका मराठी परिचितांनी तोच मला पत्रातून सविस्तर लिहून पाठवला. निवृत्तीनंतर त्यांनी थोडी जमीन घेतली आणि गवत कापायला जुना फोर्ड ८एन ट्रॅक्टर घेतला. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळू लागलं, तेव्हा त्यांनी हा सल्ला तंतोतंत पाळला. नवा कार्ब्युरेटर काही दिवस नीट चालला आणि मग तोही वाहू लागला. पान्याच्या दांड्यानं टकटक केलं की थांबतो, पुन्हा वाहतो. त्यांचा निष्कर्ष असा: ही यंत्रं आता दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहेत, हल्लीचं पेट्रोल त्यांना चालत नाही, आणि शहाण्या माणसानं त्यांच्या नादी लागू नये.

या परिचितांबद्दल मला आदर आहे. त्यांचं मत मात्र मला मुळापासून चुकीचं वाटतं. ते त्यांच्या एकट्याचं नाही, म्हणून उत्तर जाहीर देतो आहे. गंमत म्हणजे त्यांच्या ट्रॅक्टरला काय झालं आहे, हे त्यांच्याच पत्रात लिहिलेलं आहे. त्यांनी ते वाचलं नाही, कारण नवा भाग बसवणं म्हणजे दुरुस्ती, असं त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी थोडं मागे जातो. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटलं की डिझेलचा, आणि डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतोच. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे शेतांवर आलेले लाखो ट्रॅक्टर पेट्रोलचे होते. फोर्ड ८एन हा त्यांतला सर्वांत ओळखीचा. १९४७ ते १९५२ या काळात तो पाच लाखांहून जास्त बनला. दोन लिटरला किंचित कमी भरणारं चार सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, इंजिनाच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी, आणि खाली एका अंगाला मार्व्हल-शेब्लरचा टीएसएक्स-२४१ कार्ब्युरेटर. पेट्रोलचा पंप नाहीच. टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. छोट्या शेतांवर, घोड्यांच्या तबेल्यांवर, बर्फ लोटायला हे ट्रॅक्टर आजही रोज कामावर आहेत.

कार्ब्युरेटरचं काम चेतक किंवा लूना चालवलेल्या पिढीला समजावून सांगायला नको. पण इथे तपशील महत्त्वाचा आहे. कार्ब्युरेटरच्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते. वाटीत पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर जातो, एका सुईला वर ढकलतो, आणि सुईचं टोक पितळी सीटच्या भोकात बसून पेट्रोल अडवतं. पातळी उतरली की सुई सुटते. वाहणाऱ्या कार्ब्युरेटरची बहुतेक सगळी कहाणी एवढ्यातच आहे: सुई बसायला हवी त्या वेळी बसत नाही. ती का बसत नाही, एवढाच प्रश्न. ‘नवा बसवा’ या सल्ल्यात या प्रश्नाला जागाच नाही.

८एनचा कार्ब्युरेटर अपड्राफ्ट आहे, म्हणजे हवा खालून शिरते आणि वर इंजिनाकडे जाते. वाटी भरून गेली की पेट्रोल नोझलच्या टोकावरून सांडतं आणि हवेच्या तोंडातून खाली ठिबकतं. त्यामुळे दोष दिसायला सोपा. पण यातच पहिली गफलत होते. थंड इंजिन चोक ओढून सुरू करायचा प्रयत्न केला आणि ते लागलं नाही, तर मॅनिफोल्डमध्ये चढलेलं पेट्रोल परत खाली येतं आणि काही थेंब पडतात. तो दोष नव्हे, अपड्राफ्टचा स्वभाव आहे. इंजिन बंद, चोकला हात लावलेला नाही, पेट्रोलची चावी उघडी आणि तरी धार चालू, हा खरा दोष. हा साधा भेद न करता बदललेले कार्ब्युरेटर मी भंगाराच्या ढिगात पाहिले आहेत, आणि त्यांतले काही उघडल्यावर आत काहीही बिघडलेलं नव्हतं.

आता पत्रातली लक्षणं घेऊ. नवा कार्ब्युरेटर, म्हणजे सुई नवी, सीट नवी, फ्लोट नवा. काही दिवस चांगला चालला. मग वाहू लागला. ठोकल्यावर थांबतो. यातून एकच गोष्ट ठळक दिसते: सुई आणि सीट यांच्या मध्ये काहीतरी येऊन बसतं, धक्क्यानं सुटतं, आणि पुन्हा नवं येतं. ते येतं कुठून? वरून. सत्तर वर्षांची लोखंडी टाकी आतून गंजते. गंजाची बारीक पूड पेट्रोलाबरोबर उतरते. ८एनमध्ये तिला अडवायला तीन जाळ्या आहेत: एक टाकीच्या आत, पेट्रोलच्या चावीच्या डोक्यावर, दुसरी चावीखालच्या काचेच्या वाटीत, तिसरी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पितळी कोपऱ्यात. या तीन जाळ्या नीट असतील तर सुईपर्यंत फारसं काही पोचत नाही. पण टाकीतली जाळी फाटलेली असते, काचेची वाटी वर्षानुवर्षं कोणी उतरवलेली नसते, आणि तिसरी जाळी तर पुष्कळांना माहीतच नसते. नवा कार्ब्युरेटर बसवणाऱ्यानं या तिन्हींना हात लावला नाही. जुन्या सुईला जो गंज त्रास देत होता, तोच त्यानं नव्या सुईवर सोडला. यात नव्या भागाचा काय दोष, आणि जुन्या यंत्राचा तरी काय?

हे तपासायला कोणतंही महागडं साधन लागत नाही. कार्ब्युरेटरच्या तळाचा प्लग काढायचा, खाली स्वच्छ काचेची बरणी धरायची आणि चावी उघडायची. पेट्रोल न थांबता, न रोडावता वाहिलं पाहिजे. दोन मिनिटांत साधारण अर्धा लिटर मिळालं तर वाट मोकळी आहे. मग बरणी सावलीत थोडा वेळ ठेवून तळ बघायचा. तांबूस पूड दिसली की टाकी बोलली. तळाला पाण्याचा थेंब लोळताना दिसला, तर तोही टाकीतलाच. एवढं पाहायला जो वेळ लागतो, तो नव्या कार्ब्युरेटरचे दोन बोल्ट सोडवायला लागणाऱ्या वेळापेक्षा फार जास्त नाही.

या वादाची दुसरी बाजू असं म्हणेल, की आम्ही अख्खा कार्ब्युरेटर बदलत नाही, दुरुस्तीचा किट टाकतो. ते जास्त समंजस आहे, हे मान्य. पण किट टाकणं आणि दोष शोधणं यांतही अंतर आहे, आणि तिथे लोक नेमके फसतात. किटमध्ये नवी सुई आणि सीट येते. सीट आटे फिरवून बसते आणि तिच्या खाली फायबरचा एक बारीक वॉशर असतो. हा वॉशर जुनाच ठेवला, राहून गेला, किंवा खालची जागा खरवडून स्वच्छ केली नाही, तर पेट्रोल सुईला वळसा घालून आट्यांमधून वाटीत उतरत राहतं. सुई कितीही घट्ट बसू दे, वाटी भरून वाहतेच. मग माणूस दुसरा किट आणतो. मुख्य नोझलच्या गॅस्केटचंही तसंच. ते नीट बसलं नाही तर पातळी बरोबर असूनही पेट्रोल झिरपत राहतं, आणि बिचारा फ्लोट उगाच वाकवला जातो.

दोन भागांच्या मधलं मोठं गॅस्केट हा आणखी एक सापळा. ते किंचित वेगळ्या आकाराचं निघालं आणि त्याची कड आत आली, तर फ्लोट तिला घासतो आणि अडकतो. कार्ब्युरेटर जोडून झाल्यावर हे बाहेरून दिसत नाही. म्हणून जोडण्याआधी फ्लोट बोटानं वरखाली करून पाहावा लागतो. तो कुठेही न अडता, स्वतःच्या वजनानं पडला पाहिजे. त्याचे दोन्ही गोळे एका पातळीत हवेत, वाटीच्या भिंतीला घासता कामा नयेत, आणि बिजागरीची पिन झिजून डुलत असेल तर तीही बदलायला हवी.

आणि मग माप. टीएसएक्स-२४१ मध्ये फ्लोट वरच्या भागाला लटकलेला असतो. तो भाग उलटा करायचा, गॅस्केट जागेवर ठेवायचं, आणि गॅस्केटपासून फ्लोटच्या जवळच्या कडेपर्यंत पाव इंच अंतर आहे का ते पाहायचं. नसेल तर फ्लोटची जीभ हलक्या हातानं वाकवायची, पण फ्लोट सुईवर दाबून नव्हे, कारण त्यात सुईचं टोक खराब होतं. हे पाव इंचाचं माप नव्या कोऱ्या कार्ब्युरेटरमध्ये आयतं बरोबर येईल, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. पेटीतून काढलेला नवा कार्ब्युरेटर न उघडता बसवू नये, असं मी ठामपणे म्हणतो. तो उघडा, मोजा, फुंकून पाहा, मग बसवा. हे सगळं करायचंच असेल तर जुन्यावर का करू नये?

या ट्रॅक्टरच्या घराण्यात मोजणं हे शेतकऱ्याचंच काम मानलेलं होतं. हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांनी १९३८ मध्ये नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि त्यातून १९३९ चा ९एन आला. पुढे करार फिसकटला, खटला झाला, आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला ९२.५ लाख डॉलर मिळून तो मिटला. ८एन हा त्या फाटाफुटीनंतर फोर्डनं स्वतंत्रपणे काढलेला ट्रॅक्टर. पण मूळ विचार तोच राहिला: शेतकऱ्याला बांधावर उभं राहून, मोजक्या पान्यांनी जुळवून घेता येईल असं यंत्र. फर्ग्युसनच्या नांगराबरोबर येणाऱ्या पान्याच्या अंगावर इंचांच्या खुणा असत. पान्यालाच पट्टी जोडणाऱ्या माणसाला काय अपेक्षित होतं, हे वेगळं सांगायला हवं का?

ठोकण्याबद्दल थोडक्यात. सल्ला देणारे म्हणतात, दांड्यानं दोन टोले द्या, थांबतं. थांबतं, खरं आहे. पण ते लक्षण आहे, इलाज नाही. ठोकल्यावर थांबलं तर कचरा किंवा अडकणारी सुई. ठोकूनही फरक पडला नाही तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं, पातळी चुकलेली, किंवा सीट झिजलेली. फ्लोट कानाशी हलवून पाहा, आत खळखळ ऐकू येते. आली नाही तरी गरम पाण्यात बुडवा, बारीक भोकातून बुडबुडे येतील. ज्योतीनं मात्र कधीही तापवू नका. आणि डाग द्यायचा झाला तर अगदी थोडा, कारण फ्लोट जड झाला की तो पुरेसा उचलत नाही.

इथेनॉलचा आरोप मला सविस्तर घ्यावासा वाटतो, कारण तो आता महाराष्ट्रातही रोज कानावर पडतो. अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. भारतानं २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि ते इथेनॉल बनवण्यात आपल्या साखर कारखान्यांचाही वाटा आहे. जुन्या गाडीला काही झालं की दोष इथेनॉलला, ही सवय दोन्ही देशांत सारखीच. इथेनॉल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ते हवेतली ओल ओढतं, पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, जुन्या रबराला खातं. काही जुन्या यंत्रांत फ्लोट बुचाचा असे, त्यावर लाखेचा लेप असे, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तसा फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला आणि कार्ब्युरेटर वाहिला, तर इथेनॉलला खुशाल दोषी ठरवा. पण ८एनचा फ्लोट पितळेचा आहे. त्यावर इथेनॉलनं भोक पाडलं, हा आरोप टिकत नाही. इथेनॉलनं तळाशी पाणी जमवलं आणि त्या पाण्यानं टाकी गंजवली, हा आरोप टिकतो. मग उत्तर टाकीतच आहे आणि कार्ब्युरेटर बदलून ते मिळणार नाही. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करणं, किंवा चावी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवून वाटी कोरडी करणं, एवढी शिस्त पाळली तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

काही जण वरून विजेचा पेट्रोल पंप बसवायला सांगतात. हा सल्ला मी धोकादायक म्हणतो. टाकीतल्या पेट्रोलच्या उंचीमुळे सुईवर जेमतेम अर्धा-पाऊण पीएसआय दाब येतो, आणि फ्लोटची ताकद त्याच हिशेबानं ठरवलेली आहे. मोटारीच्या कार्ब्युरेटरसाठी बनवलेला पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो. फ्लोटनं कितीही जोर लावला तरी सुई उघडी पडणार. नळीत मधेच बसवायचा कागदी फिल्टरही तसाच. पंपाच्या दाबासाठी बनवलेला फिल्टर नुसत्या वजनानं उतरणाऱ्या पेट्रोलला अडवतो, इंजिन चढावर उपाशी मरतं, आणि दोष पुन्हा कार्ब्युरेटरच्या माथी येतो. तीन मूळ जाळ्या दुरुस्त करा. त्या याच कामासाठी आहेत.

“चावी बंद ठेवली की झालं,” असंही पत्रात आहे. चावी रोज बंद करावीच, ८एनच्या प्रत्येक मालकानं ती सवय लावून घ्यावी. पण इंजिन चालू असताना चावी उघडीच असते, आणि या ट्रॅक्टरमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्याच बाजूला, त्याच्या वर आहे. तापलेल्या लोखंडाशेजारी ठिबकणारं पेट्रोल घेऊन गवताच्या शेतात फिरायचं? शिवाय अमेरिकेतल्या अनेक घरांत पाणी तापवायचा गॅसचा बंब गॅरेजमध्येच असतो आणि त्याखाली ज्योत जळत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत त्या ज्योतीपर्यंत जाते. वाहणारा ट्रॅक्टर गॅरेजमध्ये ठेवू नका. काम मोकळ्या हवेत करा, बॅटरीची तार काढून करा.

विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वेळेचा आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. गवत कापून पडलं आहे, दोन दिवसांत पाऊस येणार आहे, अशा वेळी शेतकऱ्यानं फ्लोट मोजत बसावं का? तेव्हा त्याच्याकडे चालता कार्ब्युरेटर असेल तर त्यानं तो जरूर लावावा. काही कार्ब्युरेटर खरोखर संपलेलेही असतात: वाटीला चीर गेलेली, थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजून मोठी झालेली, आतल्या वाटा गंजानं खाल्लेल्या. तिथे बदलणंच शहाणपणाचं. पण हा निर्णय उघडून पाहिल्यानंतरचा आहे. न उघडता बदलणाऱ्याचा वेळ वाचत नाही. तो पुढच्या खेपेला, पुढच्या हंगामात, व्याजासह जातो. पत्रलेखकांचा हंगाम असाच गेला आहे.

आणखी एक गोष्ट मला बोचते. भारतात २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर गेला. गावोगावच्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडून फ्लोट कानाशी नेणारी माणसं हळूहळू कमी होणार, हे उघड आहे. अमेरिकेत ती आधीच कमी झाली. अशा वेळी ज्यांच्या दारात असं यंत्र उभं आहे, त्यांनीच ‘शोधू नका, बदला’ असं शिकवायला सुरुवात केली, तर पुढच्या माणसाला शिकवणार कोण? हे ज्ञान पुस्तकातून अर्धंच मिळतं. सुई बसल्यावर फुंकर अडते ती कशी अडते, हे हातानं आणि ओठानं एकदा अनुभवावं लागतं. (फुंकायची नळी कोरडी आणि स्वच्छ हवी; पेट्रोल तोंडात जाऊ देऊ नका. हातपंपानं हवा ओढून पाहता आली तर अधिक चांगलं.)

तेव्हा पत्रलेखक परिचितांना माझी विनंती आहे. नवा कार्ब्युरेटर परत पाठवू नका, जुना भंगारात देऊ नका, ट्रॅक्टर विकायला काढू नका. आधी टाकी रिकामी करा आणि चावी बाहेर काढून तिच्या डोक्यावरची जाळी बघा; माझा अंदाज आहे की ती फाटलेली निघेल. टाकी धुवा, तिन्ही जाळ्या नव्या करा, आणि मग जुना कार्ब्युरेटर वर सांगितल्याप्रमाणे उघडून, मोजून, सीटखाली नवा वॉशर घालून बसवा. नवा कपाटात ठेवा, सुगीत कधी अडलं तर उपयोगी पडेल. एवढं करूनही पेट्रोल ठिबकलं, तर मला कळवा, मी येऊन बघतो.